नकारपत्र आलं, पेढे वाटा!

आज एक सोप्पं जीके. अंधेरीत एक चकाचक ऑफिस बिल्डिंग बांधायची आहे. आर्किटेक्टने नकाशे काढले, प्रस्ताव महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात गेला, छाननी झाली, फेऱ्या झाल्या आणि एक दिवस तो बहुप्रतीक्षित कागद हातात पडला. बिल्डर खूश, साइटवर पेढे! तर त्या कागदाचं नाव काय? मंजुरीपत्र? परवाना? नो चान्स! त्याचं नाव आहे ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. म्हणजे चक्क नामंजुरीची सूचना.

जोक नाही, बॉस. १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातल्या ३४६व्या कलमाखाली हा कागद निघतो. तुमचा प्रस्ताव पुढील कारणांसाठी नामंजूर आहे असं पालिका त्यात कळवते आणि मग कारणांची भलीमोठी यादी येते. ती कारणं दूर करा आणि पुढे चला, असा एकूण फंडा. बांधकामवाले लाडाने त्याला ‘आयओडी’ म्हणतात. अप्रेझलच्या वेळी बॉस म्हणतो ना, प्रमोशन देतोय, पण या वीस गोष्टी अजून तुला जमत नाहीत, तसंच काहीसं.

एरवी मी या वाटेला गेले नसते. पण माझी एक मैत्रीण तिच्या दोन पार्टनर्सबरोबर डिझाइन स्टुडिओ काढतेय. त्यांनी घाटकोपरला एका नव्या बिल्डिंगमध्ये जागा पाहिली. स्टेशन जवळ, भाडं बजेटमध्ये, खिडकीतून झाड दिसतं... अजून काय हवं? एजंटने कागदांची झेरॉक्स हातात ठेवली. आयओडी आहे, सीसी आहे, ओसी पंधरा दिवसांत येईल म्हणाला. मैत्रिणीने तो गठ्ठा माझ्याकडे सरकवला. ‘तू पत्रकार ना? मग सांग, सही करू की नको?’ डिपॉझिट तिघांच्या सेव्हिंगमधून जाणार होतं. मग बसले वाचत.

नाही, नाही आणि नाही

आयओडी वाचायला खरंच मजा येते. सगळी वाक्यं नकारार्थी. स्ट्रक्चरल इंजिनीअर नेमलेला नाही. आरसीसीचं डिझाइन आणि हिशेब सादर केलेले नाहीत. कंपाउंड वॉल बांधलेली नाही. सखल प्लॉट किमान ९२ टीएचडीपर्यंत किंवा शेजारच्या रस्त्यापेक्षा सहा इंच वर, यातलं जे जास्त असेल तिथवर भरलेला नाही. हे टीएचडी म्हणजे टाऊन हॉल डेटम. टाऊन हॉल म्हणजे फोर्टातली आपली एशियाटिक लायब्ररी. मुलुंडच्या प्लॉटवर भराव किती घालायचा, हे फोर्टातल्या टाऊन हॉलच्या मापाने ठरतं!

पण हसून झालं की लक्षात येतं, यातला एकेक ‘नाही’ कुणाच्या तरी जिवाशी बांधलेला आहे. भराव नसेल तर २६ जुलैसारख्या पावसात तळमजला पाण्यात. इमारतीभोवती मोकळी जागा नसेल तर फायर ब्रिगेडची गाडी आत वळणार कशी? न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट फॅक्टरीत १९११ साली आग लागली, तेव्हा जिन्याकडचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ कामगार गेले आणि त्यानंतर तिथले कायदे बदलले. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही एक साधंसं वाक्य आहे, की बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. वाचताना किरकोळ वाटतं, पण ते उगाच लिहिलेलं नाही.

आयओडीनंतर येतं कमेन्समेंट सर्टिफिकेट, म्हणजे सीसी. हे १९६६च्या एमआरटीपी कायद्याखालचं. तेही बहुधा टप्प्याटप्प्याने मिळतं. आधी जोत्यापर्यंत, मग जोतं तपासून वरच्या मजल्यांचं. आणि सगळं नकाशाप्रमाणे झालं, अग्निशमन दलाचं ना-हरकत आलं, की शेवटी ओसी. ऑक्युपेशन सर्टिफिकेट. कलम ३५३-ए सांगतं, की ही परवानगी मिळेपर्यंत इमारतीत कुणी राहायचं नाही, वापरायची नाही आणि दुसऱ्याला वापरायलाही द्यायची नाही.

थोडक्यात काय, आयओडी म्हणजे ‘नाही, पण...’. सीसी म्हणजे ‘बांधायला लागा’. ‘आत या’ म्हणणारा कागद एकच, तो म्हणजे ओसी. मैत्रिणीच्या गठ्ठ्यात नेमका तोच नव्हता.

सॉफ्टवेअर पास करतं, इमारत नाही

‘अगं, आता सगळं ऑनलाइन असतं,’ असं तिचा एक पार्टनर म्हणाला. खरं आहे. आता नकाशे ऑनलाइन जातात आणि ऑटो-डीसीआर नावाचं सॉफ्टवेअर ते तपासतं. ड्रॉइंगच्या लेयर्स वाचून क्षेत्रफळ, मोकळी जागा, जिन्याची रुंदी मोजतं. मग मापं २०१८पासून लागू झालेल्या डीसीपीआर २०३४ या नियमावलीत बसतात का, ते बघतं. त्याआधी १९९१ची डीसीआर होती.

या वेगाचं कौतुकही झालं. जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालात बांधकाम परवान्यांच्या बाबतीत भारत २०१८च्या आवृत्तीत १८१वा होता. २०१९च्या आवृत्तीत ५२वा, २०२०च्या आवृत्तीत २७वा. सॉल्लिड उडी! भारताचा नंबर ठरायचा तो मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून. पुढे २०२१मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला, ती गोष्ट वेगळी.

पण सॉफ्टवेअर मोजतं ते काढलेलं चित्र. चित्रातला जिना दीड मीटर रुंद असतो. त्या जिन्यात पुढे कुणी जुनी कपाटं, एसीचे खोके आणि हाउसकीपिंगच्या बादल्या ठेवल्या, तर ते ऑटो-डीसीआरला कुठून दिसणार?

आपल्या उपनगरांत हे फार महागात पडलंय. १८ जुलै २०१४ला अंधेरी पश्चिमेच्या लोटस बिझनेस पार्कमध्ये २१व्या मजल्यावर आग लागली. २२ मजली, काचेची इमारत. आग विझवायला गेलेल्या एका फायरमनचा जीव गेला. २५ जुलै २०१७ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली. १७ जण गेले. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्याला आग लागली. १२ कामगार मेले.

आणि १३ मे २०२४ विसरणं तर शक्यच नाही. घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ जण गेले. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं. गुणाकार करा, नऊपट भरतं. ती इमारत नव्हती, मान्य. पण रोग तोच. कागदावरचं माप एक आणि उभं केलेलं माप भलतंच.

२८ की ६०?

आता तुमच्या-माझ्या ऑफिसकडे येऊ. इथे सगळ्यात इंटरेस्टिंग आकडा आहे दहा. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६मध्ये ऑफिसच्या जागेत दर दहा चौरस मीटरला एक माणूस धरतात आणि त्यावरून बाहेर पडायच्या वाटा किती हव्यात याचा हिशेब होतो. दहा चौरस मीटर म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. म्हणजे तीन हजार फुटांच्या ऑफिसात माणसं किती? २८.

आता जरा मान वळवून तुमचा फ्लोअर बघा. लांबलचक टेबलं, कोपराला कोपर. तीन हजार फुटांत साठ सीट्स बसवणारी ऑफिसं मी मरोळमध्ये पाहिली आहेत, को-वर्किंगमध्ये तर विचारूच नका. म्हणजे जिना मोजला २८ जणांसाठी आणि आग लागली तर धावणार साठ जण! इंटिरिअरवाल्याने केबिनसाठी पार्टिशन टाकून दुसऱ्या जिन्याची वाट बंद केली असेल, तर मग बघायलाच नको.

उपनगरांची अजून एक खासियत म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटचे गाळे. एके काळी तिथे लेथ मशीन होतं, आज तिथे अॅड एजन्सी, जिम नाहीतर कॅफे. वापर बदलला की त्याचीही परवानगी लागते. कारण मशीन आणि चार कामगारांसाठी काढलेली जागा शंभर गिऱ्हाइकांसाठी आपोआप सुरक्षित होत नाही. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये वरच्या मजल्यावर हॉस्पिटल होतं. २०२१च्या मार्चमध्ये मॉलला आग लागली आणि कोविडचे पेशंट दगावले. मॉलमधून पळणारा शॉपर आणि ऑक्सिजनवरचा पेशंट, दोघांची वाट एकच कशी असेल?

मग करायचं काय?

टेन्शन घेऊ नका, पण लंचनंतर पाच मिनिटं काढा. लिफ्टऐवजी जिन्याने उतरून बघा. शेवटच्या पायरीपर्यंत जाता येतं का, की मध्ये कुलूप आहे? कोडप्रमाणे ऑफिसचा जिना निदान दीड मीटर रुंद हवा. बाहेर पडायचं दार निदान एक मीटर रुंद हवं आणि ते बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. उंच इमारत असेल तर रेफ्युज एरिया कुठे आहे ते शोधा. तिथे कँटीन किंवा स्टोअररूम झाली असेल तर ती रेफ्युज एरिया उरली नाही.

दुसरं, अॅडमिनला ‘फॉर्म बी’ विचारा. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं लायसन्स्ड एजन्सीचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. म्हणजे ‘आम्ही फक्त भाडेकरू’ म्हणून कंपनीला हात वर करता येत नाहीत.

तिसरं, जागा घेताय? भाड्याने असो वा विकत, आधी ओसी मागा. अर्धवट ओसी असेल तर त्यात तुमचा मजला आहे का ते वाचा. मंजूर नकाशाची प्रत घेऊन जागेत फिरा. नकाशात जिथे जिना आहे तिथे पँट्री दिसली तर प्रश्न विचारा. मालक देत नसेल तर माहितीचा अधिकार २००५पासून आहेच. अंधेरीवाल्यांचे के ईस्ट आणि के वेस्ट, बोरिवलीचा आर सेंट्रल, मुलुंडचा टी, घाटकोपरचा एन. आपला वॉर्ड तेवढा माहीत असू द्या.

मैत्रिणीने ओसी मागितल्यावर एजंट हसला. ‘मॅडम, अर्धी मुंबई ओसीशिवाय चालते!’ पंधरा दिवस झाले, महिना झाला, ओसी आली नाही. शेवटी मुलुंडला एका जुन्या बिल्डिंगमध्ये त्यांनी छोटी जागा घेतली. भाडं जास्त, खिडकीतून झाडाऐवजी शेजारच्यांचा एसी दिसतो, क्लायंट अंधेरीत असल्याने रोजचा प्रवास वाढला. पार्टनर अजून कुरकुरतो. पण ओसीची झेरॉक्स रिसेप्शनमागे फ्रेम करून लावली आहे आणि दुसरा जिना उघडा आहे. मला विचाराल, तर सौदा वाईट नाही.

तर मंडळी, उद्या जिना उतरा आणि वाटेत काय काय सापडलं ते मला कळवा. सायकल, सोफा, गणपतीची मखर... काहीही असू शकतं. मात्र कळवायच्या आधी तिथेच अॅडमिनला एक मेल टाका आणि बॉसला सीसीमध्ये ठेवा. ती सीसी लगेच मिळते!