मनमाडची परिषद आणि मराठी साहित्याचा इतिहास

12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी तिथे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी ती वृत्ती आहे आणि ती सगळ्याच वर्गांत मुरली आहे, हेही स्पष्ट केले. रेल्वेतला दलित माणूस तेव्हा गँगमन म्हणून लागत असे आणि गँगमन म्हणूनच संपत असे. त्याला साधे पोर्टरही करत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत आणि तिथे विटाळ आडवा येई. कामगार चळवळीच्या इतिहासात या भाषणाला मानाचे स्थान आहे. साहित्याच्या इतिहासातही ते मिळाले पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

पंचवीस वर्षांनी, 1963 साली, बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. बागुल नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यांच्या शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो, जात लपवून डोक्यावर छप्पर मिळवतो आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. सरकारी नोकरी मिळाली, पगार मिळाला, तरी जात सुटली नाही. मनमाडच्या मंडपात जो प्रश्न मांडला गेला, तोच इथे कथा होऊन आला. बागुलांनी मार्क्स आणि आंबेडकर दोघांनाही जवळ केले, म्हणून त्यांच्या लेखनात भूक आणि अपमान वेगळे काढता येत नाहीत. 1972 साली ‘दलित पँथर’ ही संघटना उभी राहिली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला; आणि दोनच वर्षांत पँथरचे नेते ढसाळ आणि राजा ढाले यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. व्यक्तिगत रागलोभ बाजूला ठेवले, तर वाद दोन शत्रूंपैकी आधी कोणाशी लढायचे, हाच होता. मनमाडला बाबासाहेबांनी दोघांची नावे एका दमात घेतली होती. नंतरच्यांना ते जमले नाही, आणि त्याची किंमत चळवळीने मोजली.

आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र क्रम ठरलेला असतो. केशवसुत, रविकिरण मंडळ, मर्ढेकरांचे नवकाव्य, साठीतली लघुनियतकालिके आणि मग अचानक दलित साहित्य. जणू काही त्याआधी त्या वस्त्यांमध्ये कोणी गातच नव्हते! सत्यशोधक जलशांची परंपरा होती. तिच्यातूनच 1930च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी तमाशाचा साचा घेऊन त्यात पाणवठा, शाळा, सावकार आणि मंदिरप्रवेश आणत होते. नाशिकचा काळाराम सत्याग्रह आणि 1935ची येवल्याची धर्मांतर घोषणा गावोगाव पोचवण्यात या जलशांचा मोठा वाटा होता. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक हजारोंच्या ओठांवर आले. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याचे हे वाङ्मय होते. ते फारसे छापले गेले नाही म्हणून ते मोजलेच गेले नाही.

स्पेनने हे वेगळे केले, आणि ते शिकण्यासारखे आहे. तिथल्या साहित्याचा इतिहास तोंडी गायल्या जाणाऱ्या वीरगाथांपासून सुरू होतो. सुवर्णयुग म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच्या आरंभीच, 1554 साली, एका निनावी लेखकाने उपाशी पोराची गोष्ट लिहिली. ‘लाझारिल्यो दे तोर्मेस’ हे तिचे नाव. चर्चच्या न्यायपीठाने 1559 साली तिच्यावर बंदी घातली, पण पुढच्या काळात तीच युरोपीय कादंबरीचा एक पाया मानली गेली. 1898 साली क्यूबा आणि फिलिपिन्स हातचे गेल्यावर एक पिढी देशाच्या दुखण्याचा शोध घेऊ लागली. 1927च्या पिढीतल्या लोर्का या कवीने जिप्सींच्या गीतांना कवितेत आणले आणि 1932पासून विद्यार्थ्यांचे नाट्यपथक घेऊन तो खेड्यापाड्यांत फिरला. नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडे जलसे फिरत होते. लोर्काचे पथक तिथल्या साहित्येतिहासात अभिमानाने नोंदले जाते, आमचे जलसे मात्र तळटिपेत राहतात.

आणखी एक गोष्ट. 1900 साली संशोधक रामोन मेनेन्देस पिदाल आणि मारिया गोय्री हे नवविवाहित दांपत्य कास्तीलमध्ये फिरत असताना एका कपडे धुणाऱ्या बाईच्या तोंडून त्यांनी एक गाणे ऐकले. ते 1497 साली वारलेल्या राजपुत्राविषयीचे होते. चारशे वर्षे ते कागदाविना टिकले होते. त्या दोघांनी पुढे आयुष्यभर अशी गीते गोळा केली आणि त्यांच्यामुळे स्पॅनिश साहित्याचा नकाशाच बदलला.

आपल्याला चारशे वर्षे मिळणार नाहीत. मनमाडच्या रेल्वे वसाहतींत, पुलांचे गर्डर बनवणाऱ्या कारखान्यातल्या निवृत्त कामगारांच्या घरांत, येवला-सिन्नरच्या वाड्यावस्त्यांत जलशांची गाणी ज्यांनी लहानपणी ऐकली, ती माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. मनमाड, येवला आणि सिन्नरच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईल द्यावेत आणि त्यांना या घरांकडे पाठवावे. ज्यांच्याकडे शाहिरांच्या वह्या आहेत, त्यांनी त्या पेटीतून बाहेर काढून जवळच्या ग्रंथालयाला निदान छायाप्रतीसाठी तरी द्याव्यात. हे काम येत्या पाच वर्षांत झाले नाही, तर नंतर ते करता येणार नाही.