स्मशानातले साप

परवा रविवारी विहारातला बालवर्ग आटोपून आम्ही चपला घालत होतो. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी पुढे आली. "काका, स्मशानात साप निघतो तो मेलेल्या माणसाचा असतो ना? आजी म्हणते, जीव अडकला की माणूस साप होतो." बाकीची पोरे हसली. आम्हाला काही हसू आले नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली, पण वासनेचा साप अजून आपल्या घरातून गेलेला नाही.

योगायोग असा, की स्मशानातल्या सापांचीच एक खरी हकिगत आमच्या वाचनात आली होती. ती तिला सांगितली, तीच इथे देतो.

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर नावाचा देश आहे. तिथे अँडीज पर्वताच्या उतारावर ढगांत बुडालेली जंगले आहेत. त्या जंगलात, पालापाचोळ्याखाली आणि मातीत, लहानसे साप राहतात. शास्त्रज्ञ त्यांना अ‍ॅट्रॅक्टस म्हणतात. त्यांच्या सुमारे दीडशे जाती आहेत. सापांमध्ये एवढा मोठा गोतावळा दुसरा नाही! तरी ते पाहिलेली माणसे थोडीच, कारण त्यांचे सगळे आयुष्य जमिनीखाली. अंग गोल, गुळगुळीत, बहुतेकांची लांबी हातभर. खाणे मुख्यतः गांडुळे. माणसाला त्यांच्यापासून काही धोका नाही.

२०२२ साली अलेहांद्रो आर्तेआगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांतल्या तीन नव्या जाती जाहीर केल्या. त्या मिळाल्या कुठे? डोंगरातल्या दूरच्या गावांत, कबरस्तानात आणि चर्चच्या आसपास. आता आजीबाई म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो! पण कारण वेगळेच आहे. या सापांचे बहुतेक जंगल तुटून गेले. जंगल मागे हटले, तसे बिचारे माणसांच्या जागेत आले, कधी जिवंतांच्या, कधी मेलेल्यांच्या. आणि दिसले की मारले जाऊ लागले. ज्याचे घर गेले तोच घुसखोर ठरला. आपल्या वस्त्यांत हे वेगळे समजावून सांगायला नको.

एल चाको नावाच्या गावात २०१३ साली एक शिक्षक आले. रस्त्यावर मेलेले साप त्यांना रोज दिसत. कुणी कोयत्याने तोडलेले, कुणी दगडाने ठेचलेले. मास्तरांनी ते फेकले नाहीत, बाटल्यांत अल्कोहोल भरून जपून ठेवले. मुलांना सांगत राहिले, मुलांच्या आईबापांनाही सांगत राहिले. वर्षे गेली. लोक अजून सापाला बिचकतात, पण आता त्याची कदर करतात. पुढे त्याच बाटल्यांतल्या सापांवरून शास्त्रज्ञांना नवी जात ओळखता आली.

एक गोष्ट आम्हाला खटकली, ती लिहितोच. या तीन जातींना नावे दिली ती शोधमोहिमेच्या अनुदानाची, एका जर्मन संस्थेची आणि निसर्गरक्षणाला पैसा देणाऱ्या घराण्यातल्या एका मुलाची. पैशाशिवाय जंगल वाचत नाही, हे कबूल. पण मास्तरांचे नाव एकाही सापाच्या वाट्याला आले नाही!

अंगुत्तर निकायात कथा आहे. एक भिक्खू सर्पदंशाने गेला, तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना सापांच्या चार कुळांविषयी मैत्रीभावना करायला सांगितले. साप ठेचा असे सांगितले नाही. अर्थात मैत्री म्हणजे हाताळणे नव्हे. अनोळखी सापाला हात लावू नये, आणि चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठावा.

सगळे ऐकून मुलगी म्हणाली, "काका, आपल्याकडचा वाळाही गांडुळासारखाच असतो. मागच्या पावसात आम्ही एक मारला." आणि गप्प झाली.

पुढच्या रविवारी आजीला घेऊन येते म्हणाली आहे. सापांची चित्रे दाखवायचे आम्ही कबूल केले आहे. कुणाकडे चांगला तक्ता असल्यास विहारात आणून द्यावा, काम होताच परत करू.