शब्दविवेक : ‘सॅलरी’ आणि ‘वेजेस’

निपाणीकडील मुले इंग्रजी अर्ज भरू लागली, की आईवडिलांच्या उत्पन्नापुढे सरसकट ‘सॅलरी’ लिहितात. आम्हांस हे खटकते. सॅलरी म्हणजे महिन्याकाठी ठरलेला पगार, मास्तरांचा, कारकुनाचा. वेजेस म्हणजे दिवसाच्या वा कामाच्या हिशेबाने मिळणारी मजुरी. तंबाखूच्या वखारीतील बाईचा रोज आणि हजार विड्यांमागे मिळणारे पैसे, दोन्ही वेजेसच. प्रभूने द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांच्या दाखल्यात सांगितलेला दिवसाचा दीनारही तोच.

याहून घातक चूक शेजारच्या रकान्यात होते. घरी विड्या वळणाऱ्या आईपुढे ‘हाउसवाइफ’ लिहितात. त्या शब्दात कमीपणा मुळीच नाही. पण तेवढाच लिहिला, तर तिची मजुरी कागदावरून पुसली जाते. (मालकास त्याचे दुःख व्हायचे कारण नाही!) मालकाने वा ठेकेदाराने दिलेला माल घरी नेऊन विड्या वळणारीसही १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ‘एम्प्लॉयी’, म्हणजे कामगार, मानले होते, मजुरीसह रजेचा हक्कही दिला होता. ‘एम्प्लॉयी’चे शेवटचे अक्षर मात्र मुलांनी जपावे. चुकून ‘एम्प्लॉयर’ झाले, तर आई विडी कारखान्याची मालकीण ठरायची!