कोठडीतल्या मारहाणीला सरकारी कवच नको : काटोलकरांना जाहीर आवाहन

परभणीचा कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमा निघाल्या. तरी पोलिसांवर नुसता गुन्हा नोंदवायला त्याच्या आईला उच्च न्यायालय गाठावे लागले. जुलै 2025 मध्ये आदेश मिळाला, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धावले. तिथेही हरले. एका आईविरुद्ध सरकारी पैशाने वकील उभे करायला लाज वाटली नाही?

परभणी लांब वाटत असेल, तर नागपूर घ्या. तिथे 1993 मध्ये संशयिताचा कोठडीत मारहाणीने जीव गेला. दोषी पोलिसांची 3 वर्षांची शिक्षा 7 वर्षे व्हायला 2018 उजाडले.

आणि ख्वाजा युनूस? 2003 मध्ये मुंबईतल्या कोठडीतून तो नाहीसा झाला. सीआयडीने 14 पोलिसांवर खटल्याची शिफारस केली, सरकारने परवानगी दिली चौघांपुरती. ते चौघेही 2020 मध्ये पुन्हा नोकरीत आले. निर्णय मुंबई पोलीस आयुक्तांच्या समितीचा होता. पण तेव्हा गृहखाते काटोलच्याच आमदारांकडे होते. काटोलकरांनी त्याच वेळी जाब विचारायला हवा होता.

नुकसानभरपाई नाकारणारे सार्वभौमत्वाचे कवच सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये नीलाबती बेहरा प्रकरणात मोडले. पोलिसांवरील खटल्याआधीच्या सरकारी परवानगीची अट मात्र नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम 218 मध्ये, कायम आहे. 2001 ते 2020 या काळात देशात पोलीस कोठडीत 1,888 मृत्यू झाले, शिक्षा झालेले पोलीस 26.

‘पोलिसांचे मनोधैर्य खचेल’ म्हणणाऱ्यांना उत्तर जुनेच आहे. मारहाण हे पोलिसाचे कर्तव्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच खटल्यात 1966 मध्ये सांगितले.

घरातल्या कोणाला अटक झाली, तर अटक पंचनाम्यावरची वेळ वाचूनच सही करावी. वकील लगेच बोलवावा. वैद्यकीय तपासणीच्या वेळी सरकारी दवाखान्यात शिपाई खेटून उभा असतो आणि ‘काही त्रास?’ म्हटल्यावर माणूस नुसती मान हलवतो. तिथेच प्रत्येक वळ लिहून घ्यायला लावावा. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केल्यावर मारहाण स्पष्ट सांगावी. ठाण्याचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, पोच घ्यावी. मानवी हक्क आयोगाकडे वर्षाच्या आत तक्रार करावी.

हे आवाहन करणारे नागरिक कुठल्या पक्षाचे नाहीत. अपरात्री फोन आला तरी ते ठाण्यावर जातात, आणि याचा त्यांना अभिमान आहे. तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने आणि काटोल नगर परिषदेने ठराव करून सरकारला कळवावे : कोठडीतल्या इजेच्या खटल्यांसाठी पूर्वपरवानगीची अट रद्द करा.