गाडी आहे ती, फिक्स्ड डिपॉझिट नाही!

गेल्या रविवारी जुन्या अमेरिकन गाड्यांच्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. पार्किंग लॉटमध्ये गाड्यांची रांग, प्रत्येकीशेजारी घडीची खुर्ची, खुर्चीत मालक. एका लालभडक १९६७ च्या कमारोभोवती तर चक्क दोरी! सात-आठ वर्षांच्या एका पोराने खिडकीतून आत बघायला दोरीखालून मान घातली, तर मालक असा खेकसला की पोरगं रडायलाच लागलं. मी विचारलं, शेवटची कधी चालवलीत? "चालवत नाही, ट्रेलरवरून आणतो. इन्व्हेस्टमेंट आहे."

झालं! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

मस्टँगचंच उदाहरण घ्या. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये फोर्डने ती आणली तेव्हा किंमत होती २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी बावीस हजार ऑर्डरी. १९६६ च्या मॉडेलच्या सहा लाखांवर गाड्या बनल्या. म्हणजे ही काही राजेमहाराजांची गाडी नव्हे, नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरापोरींना परवडावी म्हणूनच काढलेली. बे एरियातल्या मंडळींनो, मिल्पिटसच्या ज्या ग्रेट मॉलमधून आपण भारतात न्यायला परफ्यूम आणि बूट घेतो ना, तो मुळात फोर्डचा कारखाना! १९८३ ला बंद पडला, १९९४ ला तिथे मॉल झाला. मस्टँगच्या क्रमांकात दुसरं अक्षर 'आर' असेल तर ती तिथली.

माझी ६६ ची हार्डटॉप तिथलीच आहे. पाचवं अक्षर 'टी', म्हणजे सहा सिलिंडर, २०० घनइंच, १२० हॉर्सपॉवर. बॉनेट उघडलं की शौकीन लोक "ओह, फक्त सिक्स?" म्हणून पुढे सरकतात. सरकू देत. व्ही-एटपेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि इंजिनाच्या बाजूला एवढी मोकळी जागा आहे की माझ्यासारखा कीबोर्ड बडवणारा माणूससुद्धा स्पार्क प्लग स्वतः बदलू शकतो.

आता नेहमीचा युक्तिवाद : चालवली तर किंमत उतरते. बरं. मग जानेवारी २०२० चा लिलाव आठवा. 'बुलिट' या १९६८ च्या सिनेमातली मस्टँग ३७ लाख डॉलरच्या वर गेली. सिनेमाचा मान आहेच, पण ती गाडी १९७४ पासून न्यू जर्सीच्या एका कुटुंबाकडे होती आणि घरची बाई ती घेऊन शाळेत शिकवायला जायची! विकली तेव्हा रंग जुनाच, ओरखडे-गंज सगळं तसंच. वापरल्याच्या खुणा होत्या म्हणून कुणी नाक मुरडलं नाही.

उलट उभी ठेवून गाडी मरते. पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि सिलिंडर आतून गंजतात. सील सुकून गळायला लागतात. दोन वर्षं न चालवलेला कोड जसा अचानक चालत नाही, तसंच हे.

दुसरी जमात 'ओरिजिनल'वाल्यांची. ६६ च्या मस्टँगला ब्रेकचं हायड्रॉलिक सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दुहेरी सर्किट १९६७ पासून आलं. पट्टा फक्त कमरेचा. मी पहिल्याच महिन्यात दुहेरी मास्टर सिलिंडर आणि खांद्याचे पट्टे बसवून घेतले, तर एका गृहस्थांनी "गाडीची वाट लावलीस" असं सुनावलं. अहो, मला ती रस्त्यावर न्यायची आहे, माझ्या पोरीला शेजारी बसवून! हे केल्यावरही ती आजच्या गाडीइतकी सुरक्षित नाही, हे मान्य. म्हणून पावसात आणि फ्रीवेच्या गर्दीत मी तिला काढत नाही. पण म्हणून दोरी बांधायची?

घ्यायची असेल तर चकाकणाऱ्या रंगाला भुलू नका. लोहचुंबक न्या. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मालकाला विचारून विंडशील्डखालच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि आतला गालिचा चाचपा. ओला लागला तर तो भाग गंजलाय, आणि ते काम खर्चिक आहे, कारण वेल्डिंग तोडावं लागतं. इंजिन एक वेळ बिघडलेलं चालेल, सांगाडा नको. आणि बाहेर व्ही-एटचा बिल्ला असून पाचवं अक्षर 'टी' असेल तर विकणाऱ्याला नमस्कार करून घरी या.

माझा खरा राग पैशावर नाहीच. कार्ब्युरेटर कानाने ऐकून लावणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली. त्यांच्याकडून शिकणार कोण? ज्या पोराला दोरीपलीकडून हाकललं तो? तो मोठा होऊन ही गाडी कशाला घेईल? आणि घेणारच कुणी नसेल तर तुमच्या इन्व्हेस्टमेंटचं काय होणार साहेब?

असो. त्या पोराला, त्याच्या आईला विचारून, माझ्या गाडीत स्टीअरिंगमागे बसवलं. पाच मिनिटं हॉर्न वाजवत होता. आजूबाजूचे वैतागले. मी मुळीच थांबवलं नाही.