गुल्फसंधी : नर्तकीचा आणि धावपटूचा

घोटा दुखतो म्हणून रुग्ण आला, की महानारायण तेल आणि योगराज गुग्गुळ हे आपल्यापैकी अनेकांचे ठरलेले उत्तर असते. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. पुढे साताऱ्यासारख्या शहरांतही लांब पल्ल्याच्या शर्यती होऊ लागल्या. त्यामुळे नर्तकींबरोबर धावपटूही आपल्याकडे येतात. या दोघांच्या घोट्याला एकच चिकित्सा देणे शास्त्राला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाग्भटाचार्यांनी वातकंटकाची दोन कारणे सांगितली आहेत : पाऊल विषम पडणे आणि श्रम. आधुनिक गतिशास्त्र नेमका हाच भेद दाखविते. घोट्यातील टेलस अस्थी पुढे रुंद व मागे अरुंद असते. नर्तकी चवड्यांवर उभी राहते तेव्हा अरुंद भाग खोबणीत येतो, अस्थींचा आधार कमी होतो आणि भार बाहेरील अस्थिबंधांवर पडतो. त्याच क्षणी पाऊल आत वळले, तर बंध ताणतो किंवा तुटतो.

धावपटूचे पाऊल एकाच रीतीने पडते, परंतु ४२.१९५ कि.मी. अंतरात एकेका पायावर सुमारे वीस हजार वेळा. प्रत्येक वेळी शरीरभाराच्या दोन-तीन पट भार जमिनीकडून उलटतो आणि टाचेमागील कंडरेवर त्याहूनही अधिक ताण येतो. ही श्रमजन्य व्याधी होय.

म्हणून पहिल्यास प्रथम स्थैर्य हवे : बंधन, विश्रांती, नंतर तोल सांभाळण्याचा अभ्यास. दुसऱ्यास अंतर कमी करणे, स्नेहन-स्वेदन आणि पायरीच्या कडेवर टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम. निव्वळ विश्रांतीने कंडरा बळकट होत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. ताज्या मुरगळीवर 'जोराने चोळा' असे सांगून तेल देऊ नये. रुग्णाला चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्यामागे हाडावर दाबताच वेदना होत असतील, तर आधी क्ष-किरण तपासणीस पाठवावे. सुश्रुताचार्यांनी गुल्फाची गणना रुजाकर मर्मांत केली असून त्याच्या आघाताने पाय ताठरणे वा लंगडेपणा संभवतो, असे म्हटले आहे. अस्थिभंगावर मर्दन झाले, तर हा इशारा आपल्याच हातून खरा ठरेल.

सारांश, तेलाची बाटली उघडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : 'आपण या पायांनी काय करता?'