अळंबीची पारख आणि नवशिक्याची घाई

मृगाचा पाऊस एकदा चांगला लागला, आकाश दोन-चार दिवस गडगडले आणि मध्येच उघडीप पडून ऊन आले, की दक्षिण कोकणात व गोव्यात माणसे पहाटेच टोपली घेऊन रानाकडे निघतात. वारुळाला गोव्यात ‘रोयण’ म्हणतात. या रोयणींच्या आसपास रातोरात उगवणारी अळंबी उजाडण्यापूर्वी हाती लागली तर लागली. दुपारपर्यंत ती फुलून किडते किंवा दुसऱ्या कोणाच्या टोपलीत गेलेली असते. विदर्भाच्या पूर्व भागात याच जातकुळीतील अळंबीला ‘सात्या’ म्हणतात. रस्त्याच्या कडेला पानावर मांडून नगावर विकल्या जाणाऱ्या या मालाचा भाव ऐकून पगारदार माणूस दचकतो, आणि जे रानात फुकट उगवते त्याला एवढे पैसे कशासाठी, असा प्रश्न करतो.

प्रश्न स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे. ग्राहक जे पैसे मोजतो ते अळंबीसाठी फारसे नसतातच. विकणारीच्या नजरेसाठी असतात. संध्याकाळी ताटात पडलेला घास दुसऱ्या दिवशी रुग्णालयात नेणार नाही, ही हमी त्या भावात अंतर्भूत असते. तिच्यावर कोणाचा शिक्का नसतो, तिची पावतीही मिळत नाही. तरीही बाजारातील अनेक शिक्कामोर्तब मालांपेक्षा ती अधिक खरी ठरत आली आहे, कारण विकणारी बाई तीच अळंबी स्वतःच्या घरी शिजवत असते.

अलीकडे मात्र ही हमी विकत घेण्यापेक्षा स्वतःच रानात जावे, असे वाटणारा एक नवा वर्ग निर्माण झाला आहे. शनिवार-रविवारच्या भटकंतीला निघालेला हा नवशिका खिशातल्या फोनवर छायाचित्र घेतो आणि त्याच फोनला नाव विचारतो. अळंबीची ओळख पटते ती मात्र छायाचित्रात न येणाऱ्या गोष्टींवरून: देठाचा बुंधा जमिनीत कसा गेला आहे, त्याला वारुळापर्यंत पोहोचणारे लांब मूळ आहे की पिशवीसारखे वेष्टन, वास कसा आहे, शेजारी कोणते झाड आहे. पावसाळ्यात हिरवळीवर उगवणारी एक मोठी पांढरी छत्री दिसायला अगदी खाण्याजोगी असते. तिची टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, तर सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडलेली दिसते. ती खाणाऱ्यास वांत्या व जुलाब होतात. पण रात्रभर थांबण्याची तयारी कोणाची असते?

ही तरी सौम्य शिक्षा झाली. अमॅनिटा कुळातील काही जातींचे विष शिजवल्याने जात नाही, वाळवल्यानेही जात नाही. खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक काळ काहीच होत नाही. मग पोट बिघडते, पुन्हा बरे वाटते, घरचे निःश्वास टाकतात. आणि त्याच अवधीत यकृत निकामी होत असते. आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानातील विषारी अळंबी खाऊन १३ जण दगावले. त्यांतील बहुतेक चहामळ्यांतील कुटुंबांतील, म्हणजे रानभाजी खाण्याची सवय असलेले लोक होते. सवयीच्या माणसाचीही नजर चुकते, तेथे नवशिक्याने फोनवर भिस्त ठेवावी, हे धाडस नव्हे, अज्ञानच म्हणावे लागेल. किड्याने खाल्लेली अळंबी माणसालाही चालते, किंवा चांदीचे नाणे काळे पडले तरच ती विषारी, या जुन्या समजुतीही तितक्याच निराधार आहेत.

जाणत्या बायका नवख्याला कसे शिकवतात, ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या वर्षी नातवाच्या हाती फक्त टोपली असते. आजी तोडते, तो वाहतो. त्याने पुढे होऊन एखादी छत्री उपटलीच, तर तिचे नाव सांगण्याऐवजी आजी एवढेच बजावते, ‘‘म्हायत नसात तां काढू नको रे.’’ विषारी अळंब्यांची यादी त्याला कोणी पाठ करायला लावत नाही. एकच जात, तीही तीन-चार पावसाळे, कळीपासून कुजेपर्यंतच्या प्रत्येक अवस्थेत पाहायची. रिकामी टोपली घेऊन परतण्याची त्यात लाज नसते, आणि नवशिक्याला सर्वांत जड जाते ते नेमके हेच.

या शिक्षणाला आता भावाचाच अडथळा होऊ लागला आहे. दर वाढला तशी जागा सांगण्याची किंमतही वाढली; ज्याला शिकवावे तोच उद्या पहाटे आपल्या आधी रोयणीवर पोहोचेल, ही भीती निराधार नाही. पूर्वी थोड्या कळ्या मागे ठेवण्याचा संकेत असे. स्पर्धेत तो टिकत नाही. वस्तुतः या अळंबीची लागवड व्यापारी प्रमाणावर अद्याप कोणालाच साधलेली नाही, कारण ती वाळवीच्या शेतीतून उगवते. बहुतेक जातींत नव्या वारुळातील वाळव्या हे बीज बाहेरूनच आणतात. न उमललेल्या कळ्या सरसकट खुडल्या, तर ते बीज पसरणार कोठून? डॉ. नंदकुमार कामत यांनी ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली आहे.

सामायिक साधनसंपत्तीची नासाडी अटळ आहे, हे गॅरेट हार्डिनचे १९६८ मधील प्रतिपादन येथे चटकन आठवते. तथापि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की लोक स्वतः नियम करतात व पाळतातही. मात्र नियम करण्याचा त्यांचा अधिकार मान्य व्हावा लागतो. आपला कायदा येथे मौजेचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, लाख, तेंदूपान यांची नावे आहेत, अळंबीचे नाव नाही. शिवाय ती व्याख्या ‘वनस्पतिजन्य’ उपजाची, आणि शास्त्राच्या दृष्टीने अळंबी वनस्पतीच नव्हे! गावाच्या हक्काचा प्रश्न अशा शब्दावर अडू नये, यासाठी तिचे नाव व्याख्येत स्पष्ट घालणे अवघड नाही.

त्याचबरोबर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने व कोकणातील महाविद्यालयांनी पावसाळ्याच्या तोंडी अळंबी ओळखण्याचे वर्ग घ्यावेत, आणि त्यांत शिकवण्यास या जाणत्या बायकांना रीतसर मानधन देऊन बोलवावे. रानात एका पहाटेला त्या जितके कमावतात, त्याहून ते कमी असता कामा नये.